स्ट्रेचरचं दुसरं टोक

आगाशी, ता. वसई
१३ जून १९४८

बळीरामदादा,

तुम्ही मला ओळखत नाही. मी आलोशियसची धाकटी बहीण रिटा. दादाच्या पत्रांतून मात्र मी तुम्हाला चांगली ओळखते. विमानातून उड्या मारणाऱ्या छत्रीच्या पलटणीत, दवाखान्याच्या तुकडीत तुम्ही दोघे बरोबर होता. एकदा त्याने लिहिलं होतं, "विमानाच्या दारात माझ्यापुढे अर्नाळ्याचा बळी असतो. तो खाली दिसेनासा झाला की मी डोळे मिटून त्याच्या मागे जातो." हे वाचून दाखवलं तेव्हा आई दोन दिवस जेवली नव्हती.

तुमचा पत्ता नालासोपाऱ्याच्या एका कंपाउंडरनी दिला. ते तुमच्याच तुकडीत होते. तुम्ही भुसावळला रेल्वेच्या इंजिनांच्या शेडमध्ये खलाशी आहात असं म्हणाले. समुद्र सोडून कोळी माणूस तिथे कशाला गेला, असं मनात आलं. विचारत नाही.

कामाचं लिहिते. मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या डोंगरात दादा हरवला. पुढच्या वर्षी सरकारचा कागद आला: "बेपत्ता, मृत समजावा." सरकारला एवढं पुरतं, आमच्या धर्माला पुरत नाही. दादाची बायको सुझानवहिनी चोवीस वर्षांची आहे. लग्नानंतर दादा सतरा दिवस घरी होता. आज ती ना सवाष्ण, ना विधवा. लग्नघरी पाणी आणायला बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, तेव्हा तिला कोणी हाक मारत नाही. विधवांच्यात जाऊन बसली तर आई तिला हात धरून उठवते.

आता शेजारच्या आळीतल्या बेनेडिक्टने तिला मागणी घातली आहे. त्याची केळीची वाडी आहे, पहिली बायको विषमज्वराने गेली, माणूस शांत आहे. वहिनीची इच्छा आहे. पण फादर म्हणतात, नवरा मेल्याची खात्री पटल्याशिवाय दुसरं लग्न लावता येत नाही. समजणं म्हणजे खात्री नव्हे. त्याला मरताना पाहिलेला कोणी असेल तर त्याची साक्ष आणा.

असा माणूस एकच आहे, आणि तो तुम्ही. आगाशीला या आणि फादरसमोर सांगा. येणं जमत नसेल तर लिहून पाठवा. जे असेल ते लिहा. मी या घरातली पहिली बी.ए. आहे, शाळेत शिकवते. खऱ्याला भिऊ नका असं मुलींना रोज सांगते, तेव्हा मलाही भिऊन चालणार नाही.

तुमच्या आई रुक्मिणीबाई इथल्या बाजारात मासळी घेऊन बसतात. त्या बऱ्या आहेत.

रिटा


आगाशी
२० ऑगस्ट १९४८

बळीरामदादा,

पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही. दुसरं रजिस्टर केलं होतं. त्याची पोच तुमच्या सहीने आली, म्हणजे तुम्ही तिथेच आहात आणि माझी पत्रं वाचता.

काल नारळी पौर्णिमा झाली. आज बाजारात तुमच्या आईजवळ उभी राहिले. तुमचा पत्ता मिळाल्याचं त्यांना सांगावं की नाही, हे दोन महिने ठरत नव्हतं. शेवटी सांगितलं. त्यांनी हातातला कोयता खाली ठेवला.

"जित्ता हाय ना?"

"आहे. नोकरीत आहे."

"हातपाय?"

"सगळं ठीक आहे."

"मग येत का नाय?" हे त्यांनी मला नाही, टोपलीतल्या माशांना विचारलं. मग एकदम हसल्या. "लढाई संपून तीन वरसं झाली. आमची होडी पन तुफानातून पाच दिसांत परत येते. काल दर्याला नारळ दिला तो त्याच्या नावाचा. आता बोलतेस तो दर्यावर नाय, भुसावळला हाय. म्हंजे माजा नारळ फुकट गेला!"

मी बोंबील घेतले तर म्हणाल्या, "एवढी शिकलीस, पन ताजा बोंबील वलकता येत नाय तुला. ठेव तो." आणि स्वतः निवडून दिले.

त्यांना मी शब्द दिला आहे की तुम्हाला घरी आणीन. तुम्हाला न विचारता दिला, याबद्दल माफी असावी.

घरी मात्र सगळं बिघडलं आहे. साक्षीसाठी मी तुम्हाला लिहिते हे आईला कळलं. ती म्हणाली, "माझ्या पोराला मारायला साक्षीदार शोधतेस? कागद शोध, कायदा शोध, बी.ए. झालीस ना!" वहिनी चुलीपाशी होती. ती उठून बाहेर गेली. दोघी एका घरात राहतात, एका ताटातलं मीठ घेतात, आणि आठवडाभर बोलत नाहीत. दोघींचंही मला पटतं. हे तुम्हाला लिहून काय उपयोग, पण दुसऱ्या कोणाला लिहू?

बेनेडिक्टच्या घरचे उपवासकाळापर्यंत थांबायला तयार आहेत. उपवासकाळात आमच्यात लग्नं लागत नाहीत. त्याआधी जमलं नाही तर ते दुसरीकडे बघतील.

तुमचं एक पत्र पुरे आहे.

रिटा


आगाशी
३ नोव्हेंबर १९४८

बळीरामदादा,

काल आमचा मृतांचा दिवस होता. प्रत्येक घर आपापल्या थडग्यावर जातं, गवत काढतं, फुलं वाहतं, मेणबत्त्या लावतं. आम्ही बाबांच्या थडग्यावर गेलो. वहिनीने पदराखालून एक जास्तीची मेणबत्ती काढली आणि बाबांच्या मेणबत्तीशेजारी लावली. कोणाची ते ती बोलली नाही. आईने वाकून ती विझवली. वहिनीने परत लावली. आईने परत विझवली. आजूबाजूला सगळं गाव उभं होतं. तिसऱ्यांदा वहिनीची काडी पेटेना. मी दोघींच्या मध्ये उभी होते.

रात्री मी विचार केला. मी तुमच्याकडे सारखं मागतेच आहे. तुम्हाला काय सांगायचं नाही ते मला माहीत नाही, पण मला काय सांगायचं नव्हतं ते मी सांगते. हे मी पापनिवेदनातही कधी पूर्ण सांगितलेलं नाही.

१९४२ च्या पावसाळ्यात दादाचं पत्र आलं. तेव्हा तो साध्या लष्करी इस्पितळात होता. त्याने लिहिलं होतं, छत्रीच्या पलटणीत माणसं मागताहेत, जबरदस्ती नाही, आई हो म्हणाली तरच नाव देतो. आमच्या घरात वाचणारी-लिहिणारी मी एकटी. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्याला लिही, आईची शपथ आहे, जमिनीवरच राहा." मी समोर बसून लिहिलं. पण लिहिलं असं: "आई म्हणते, देवाचं नाव घेऊन जा."

तेव्हा मी सोळा वर्षांची होते. हिटलर, पोलंड, जगाचा न्याय असलं सगळं डोक्यात होतं. ते खोटं नव्हतं. पण त्याच्या जोडीला हेही होतं की माझा भाऊ आकाशातून उतरतो, हे मला वर्गात सांगायचं होतं. दुसऱ्याच दिवशी मी ते सांगितलंही.

आईला आजपर्यंत वाटतं की दादाने तिची शपथ मोडली. "त्याने माझं ऐकलं नाही," असं ती सगळ्यांना सांगते. मी शेजारी बसून ऐकते.

हे माझं झालं. तुमच्याकडे यापेक्षा वाईट काय असणार?

रिटा


आगाशी
२२ जानेवारी १९४९

बळीरामदादा,

आता तुम्हाला त्रास देण्याचं कारण उरलं नाही. मुंबईहून बिशपांच्या कचेरीची परवानगी आली! फादरनी चार महिने पत्रव्यवहार केला. जपान्यांच्या कैदेतून सुटून आलेल्यांच्या याद्या तपासल्या, कुठेही दादाचं नाव नाही. पाच वर्षांत कोणाला काही कळलं नाही. एवढं पुरेसं आहे असं त्यांनी ठरवलं. तुमच्या साक्षीची गरज नाही.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवारी देवळात नवरानवरीची नावं मोठ्याने वाचतात, त्याला पुकार म्हणतात. कोणाला काही अडथळा माहीत असेल तर त्याने तो फादरना सांगायचा असतो. आमच्या पुकारा ६, १३ आणि २० फेब्रुवारीला आहेत. लग्न सोमवारी, २८ ला. दोन दिवसांनी उपवासकाळ लागतो, म्हणजे अगदी शेवटच्या होडीत बसल्यासारखं झालं.

वहिनीने काल आरशात पाहिलं. आमच्या घरात आरसा आहे हे मी विसरले होते.

लग्नाचे तांदूळ आईनेच माळ्यावरून काढून दिले. तिला मी विचारलं, "आई, रागावलीस?" ती म्हणाली, "पोर तरनी हाय. मी म्हातारी. माझ्याजवळ बसून दोघींनी वाट बघायची काय गरज? एकटी बघेन."

बळीरामदादा, आता तुम्ही साक्षीदार म्हणून नाही, असेच या. तुमच्या आईसाठी या. लग्नालाही या. तुमच्या मनात जे काही असेल ते असो, कोणी काही विचारणार नाही.

रिटा


आगाशी
१५ फेब्रुवारी १९४९

बळीरामदादा,

तुमचं पत्र काल शाळेत मिळालं. आधी काय झालं ते सांगते.

मधली सुट्टी होती. पाकीट फोडलं. पहिली ओळ होती, "रिटाबाय, होळीला मी घरी येतो, आईला सांग." पुढचं वाचलं नाही. तशीच बाजारात धावले. तुमच्या आईने माझा चेहरा बघून विचारलं, "काय गं, मास्तरीन, शाळेला आग लागली?" मी म्हटलं, "बळीराम येतोय होळीला." त्या उभ्या राहिल्या. टोपली लवंडली. बाजूच्या कोळणी ओरडल्या, "रुक्मिनी, तुजी पापलेटं!" त्या म्हणाल्या, "घेऊन जा, खावा आज!" आणि खरंच समोर आलेल्या बाईच्या पिशवीत दोन टाकली. मग माझे दोन्ही गाल मासळीने माखलेल्या हातांनी धरले.

बाकीचं पत्र मी परत येताना रस्त्यात वाचलं.

तुम्ही लिहिलंय ते मला इतकं पाठ झालं आहे की इथे उतरवते. मी काही चुकीचं वाचलं असेल तर सांगा:

"तू तुजं सांगितलंस, आता मी सांगतो. गाव डोंगरावर होतं. तीन फुटांवर दगड, खड्डा खनता येत नव्हता. पानी नव्हतं. विमानं छत्र्यांनी पानी टाकायची, त्या छत्र्या वाऱ्यानं जपान्यांकडं जायच्या. आलोस बोलायचा, 'बळी, आपन असतो तर नीट उतरलो असतो.' आमी दोघं एक स्ट्रेचर उचलायचो, मी पुढं, तो मागं. शेवटच्या दिवशी त्याला पोटात लागलं. अंधार पडल्यावर हुकूम आला, चालता येतं त्यांनी निघायचं, आवाज करायचा नाय. स्ट्रेचरला दोन मानसं लागतात. आमच्या स्ट्रेचरचं दुसरं टोक आलोसच धरायचा. मी मानूस शोधला, कोन नव्हता. पाठीवर घेतला तर तो किंचाळला. मग तोच बोलला, ठेव. तिथं क्रूस असलेलं एक देऊळ होतं, तुमच्यासारखं. त्याच्या भिंतीला टेकवून मी त्याला बसवला. पान्याची बाटली दिली. तिच्यात पानी नव्हतं. मी निघालो तवा तो जित्ता होता, माजं नाव घेत होता. म्हनून मी साक्ष दिली नाय. मेला असं मी कसं सांगू? आता येऊन तुज्या आईला तोंडावर सांगीन. ती मारील तर मारू दे. त्याबगर मला झोप लागायची नाय."

बळीरामदादा, पोटात गोळी लागलेला माणूस पाण्याशिवाय किती जगतो? तुम्ही दवाखान्याच्या तुकडीत होता, तुम्हाला माहीत असेल. मला हवं ते उत्तर तुमच्याकडून काढून घेते आहे, हे मला कळतं. जपान्यांनी जखमींना नेलं असेल का? तिथल्या गावकऱ्यांनी? याद्यांत नाव नाही, तेव्हा तो गेलाच असणार. असणार. हाच शब्द फादर मानायला तयार नव्हते.

दोन पुकारा झाल्या आहेत. तिसरी येत्या रविवारी. हे पत्र फादरना दाखवलं तर ते लग्न थांबवतील, आणि त्यांचं चुकणार नाही. आईला वाचून दाखवलं तर तिचा मुलगा पुन्हा जिवंत होईल आणि ती मरेपर्यंत त्याला त्या भिंतीपाशी तहानलेला बघत राहील. वहिनीला सांगितलं तर?

मीच लिहिलं होतं, जे असेल ते लिहा. तुम्ही लिहिलंत. काय करू ते लगेच कळवा.

रिटा


आगाशी
२२ फेब्रुवारी १९४९

बळीरामदादा,

तुमचं उत्तर आलं नाही. यायला हवं होतं असंही नाही. मी तुम्हाला विचारायला नको होतं.

शनिवारी मी वहिनीकडे गेले. ती तांदूळ पाखडत होती. म्हटलं, "बळीरामदादांचं पत्र आलंय."

"होळीला येतोय. सगळ्या बाजाराला ठाऊक हाय."

"आणखीही लिहिलंय."

सूप थांबलं. "चांगलं हाय?"

मी सुपाकडे बघत राहिले. तिने सुपातला एक खडा काढला, बोटांत धरून बघितला आणि फेकला.

"मग तुझ्याजवळ ठेव," ती म्हणाली. "सोमवारपर्यंत ठेव. त्यानंतर पन ठेव."

"वहिनी, पण..."

"सतरा दिवस होता तो, रिटा. त्याचा आवाज कसा होता ते मला आता आठवत नाय. मी रोज आठवायला बसायची, आता तेही होत नाय. मी वाईट बाई हाय का?"

"नाही."

"मग ठेव."

पत्रात काय आहे ते तिला समजलं का, मला सांगता येणार नाही. बहुतेक समजलं. तिच्या वाट्याचंही मीच ओझं घ्यावं असं तिला वाटलं, आणि ते रास्त आहे. तिने पाच वर्षं एकटीने उचललं.

रविवारी फादरनी तिसऱ्यांदा वाचलं. बेनेडिक्टचं नाव, मग सुझान, आलोशियसची विधवा. हा शब्द जानेवारीतच परवानगीच्या कागदावर आला होता, पण माझ्या कानांना तो त्या दिवशीच ऐकू आला. मग फादर म्हणाले, कोणाला अडथळा माहीत असेल आणि त्याने तो लपवला तर ते पाप आहे. मी शाळेच्या मुलींच्या रांगेमागे गुडघे टेकून होते. तुमचं पत्र प्रार्थनेच्या पुस्तकात होतं. सगळे उठून उभे राहिले तरी मी तशीच. पुढच्या मुलीने मागे वळून हळूच विचारलं, "बाई, तुम्हाला बरं नाही का?" मी उठले. फादर पुढची प्रार्थना म्हणायला लागले होते.

मी गप्प राहायचं ठरवलं असं मला म्हणता येणार नाही. उभं राहून सांगायचं असंही मी ठरवून गेले नव्हते. वेळ आली आणि गेली.

बाहेर पिंपळाखाली आईने माझा दंड धरला. म्हणाली, "लग्नाला मी आड येत नाय. होऊ दे पोरीचं. पन होळीला रुक्मिनीचा पोरगा येतोय ना? तो आपल्या आलोसच्या जवळ होता. त्याला घरी जेवायला बोलवायचं. मी त्याला एकच विचारीन, शेवटी तू त्याच्याजवळ होतास का. त्याच्या तोंडून ऐकलं की मी पन मेणबत्ती लावीन."

बळीरामदादा, आई तुमच्याकडून दादाचा मृत्यू ऐकायला तयार झाली आहे. पाच वर्षांनी. आणि तुमच्याकडे तोच नाही.

तुम्ही तिच्यासमोर बसून खोटं बोलू शकाल का, याचा मी दोन दिवस विचार केला. ज्या माणसाने पाच वर्षं एवढ्यासाठी घर सोडलं की मेला असं म्हणता येत नाही, तो माझ्या आईच्या ताटावर बसून ते म्हणणार नाही. आणि तुम्ही खरं बोललात तर होळीच्या दिवशी वहिनी दुसऱ्याच्या घरात पंधरा दिवसांची नवरी असेल, आणि तिचं ते लग्न लग्न आहे की नाही हे पुन्हा मुंबईहून कोणीतरी ठरवील.

म्हणून होळीला येऊ नका. गणपतीलाही येऊ नका. माझी आई आहे तोपर्यंत अर्नाळ्याला येऊ नका.

आठ महिने मी तुम्हाला या, या, असं लिहीत होते. हे वाक्य मी चार वेळा खोडून परत लिहिलं. सांगितल्याशिवाय झोप लागणार नाही असं तुम्ही लिहिलंय. मला तुम्ही सांगितलं आहे, तेवढ्यावर भागवता आलं तर बघा. मला राग आलेला नाही. बाटलीत पाणी नव्हतं, हे तुम्ही नाही लिहिलं तरी चाललं असतं, पण लिहिलंत. तुम्ही त्याला टाकून गेलात असं मी एकदाही म्हटलेलं नाही, मनातसुद्धा नाही. स्ट्रेचर एका माणसाने उचलत नाही.

तुमच्या आईला काय सांगायचं ते मला सुचत नाही. रजा मिळाली नाही, म्हणेन. पुढच्या वर्षी परत तेच म्हणावं लागेल. त्यांनी झोपडीच्या दाराला झावळ्यांचा नवा झाप लावला आहे, तुमच्यासाठी बोंबील सुकवून वेगळे बांधून ठेवले आहेत. रोज विचारतात, "कंच्या गाडीनं येल?" आणि बाजूची कोळीण चेष्टा करते, "विमानातून उडी मारील गं, तुज्या टोपलीत पडेल."

हे पत्र आता शाळेत जाताना टाकीन. पोस्टाची पेटी तुमची आई बसते त्याच भिंतीवर आहे. मी आले की त्या टोपली सरकवून मला वाट करून देतात आणि वर बघून विचारतात, "माज्या पोराला काय?"

मी होय म्हणेन.

रिटा